सोमजाईच्या कुंडातला हिरवा रंग

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतेय? खरं सांगू, मलाही नीटसं माहीत नाही. तुम्ही समोर बसलायत असं धरून चालते. माझं तोंड एकदा सुरू झालं की थांबत नाही, हे आमच्या घरातलं कुणीही सांगेल. पण या एका गोष्टीपाशी आलं की ते आपसूक बंद होतं, आणि मी पटकन दुसराच काहीतरी विषय काढते. इतकी वर्षं असंच चाललंय.

आधीच सांगून ठेवते, ऐकताना तुम्हाला हसू येईल. हसा. गोष्ट हसण्यासारखीच आहे — लख्ख उन्हाची सकाळ, ढोल, पालखी, रंगलेली माणसं, हिरवं कुत्रं. (हिरवं कुत्रं खरंच होतं, पुढे येईल.) मीसुद्धा त्या दिवशी पोट दुखेपर्यंत हसले होते. तिथेच तर सगळी अडचण आहे.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. मी महाडची. पुण्याहून भूशास्त्रात एम.एस्सी. करून परत आले होते आणि बाबांच्या मनात मी बँकेच्या परीक्षा द्याव्यात असं होतं. त्याऐवजी मी सरांकडे नोकरीला लागले. सर म्हणजे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले इंजिनीअर. बाजारपेठेत एका भांड्यांच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन त्यांनी गावांना पाण्याबद्दल सल्ला देणारं छोटंसं ऑफिस काढलं होतं. गावाचा झरा लवकर का आटतो, बोअर मारावी की मारू नये, डोंगरावर चर खणायचे तर नेमके कुठे — असल्या प्रश्नांची उत्तरं आम्ही शोधायचो. ऑफिसात माणसं दोनच, सर आणि मी. तिसरा खालचा भांड्यांचा खणखणाट.

काय सांगू तुम्हाला, ती नोकरी मला इतकी आवडायची! सकाळच्या एस.टी.ने पोलादपूर, तिथून पुढे जे मिळेल ते — जीप, टेम्पो, नाहीतर आपले पाय. पाठीवर पिशवी, पिशवीत हातोडा, होकायंत्र, रिकाम्या बाटल्या आणि आईने कोंबलेले लाडू. आमच्या भागात चार महिने पाऊस नुसता कोसळतो, आणि होळी उलटली की बायका हंडे घेऊन झऱ्याशी ताटकळतात. एवढं पाणी जातं कुठे? डोंगर पोटात ठेवतो किती, सोडतो कुठून? या प्रश्नांनी मला अगदी झपाटलं होतं. मी चालता चालता दगडांशी बोलायचे. लोकांना वाटायचं, पोरगी जास्त शिकून बिघडली.

ज्या गावाची ही गोष्ट, त्याचं नाव सांगत नाही. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराला चिकटून असलेलं लहानसं गाव. वर सोमजाईचं देऊळ, देवळाखाली दगडी कुंड, आणि कुंडात एका दगडी पन्हळीतून पडणारा झरा. अख्खं गाव त्या पन्हळीवर जगायचं. पावसाळ्यात धार मांडीएवढी जाड, दिवाळीला मनगटाएवढी, शिमग्याला करंगळीएवढी, आणि मे लागला की नुसते थेंब. गावाने श्रमदान करायचं कबूल केलं होतं. डोंगरावर चर खणायचे, पावसाचं पाणी त्यात जिरवायचं, म्हणजे झरा उन्हाळाभर चालेल. प्रश्न एकच होता — कोणत्या उतारावर? देवळाच्या वर दोन उतार होते, एक डावीकडे, एक उजवीकडे. चुकीच्या उतारावर खणलं असतं तर गावाचा घाम फुकट गेला असता आणि पाणी डोंगरापलीकडच्या खोऱ्यात गेलं असतं.

उजव्या उतारावर एक ओहोळ होता. वरून खळखळत यायचा आणि मध्येच मोठमोठ्या धोंड्यांच्या राशीत शिरून गडप व्हायचा. पुढे कुठे दिसायचाच नाही. तो कुंडात येत असेल तर चर उजवीकडे, नाहीतर डावीकडे. इतकं सोपं होतं ते.

हे शोधायची आमच्या धंद्यात एक गंमतशीर रीत आहे. एक लालसर केशरी भुकटी मिळते. अगदी निरुपद्रवी, पाण्यातून पोटात गेली तरी काही होत नाही. ती ओहोळात टाकायची. पाण्यात पडली की ती हिरवी होते. खाली झऱ्यात कोळशाची एक पुरचुंडी बांधून ठेवायची. रंगाचा अंश तिथवर आला तर कोळसा तो धरून ठेवतो आणि ऑफिसात आणून धुतला की रंग सुटतो. भुकटी इतकी थोडी टाकायची की पाणी डोळ्यांना पाण्यासारखंच दिसावं. सरांचे याबाबत दोन नियम होते. एक, भुकटी चिमूटभर. दोन, आधी गावाची बैठक घेऊन सगळ्यांना सांगायचं, आम्ही काय टाकतोय, कशासाठी, कधी. "पाणी त्यांचं आहे, आपण पाहुणे," हे वाक्य सर इतक्यांदा म्हणायचे की मी त्यांच्या पाठीमागे त्यांची हुबेहूब नक्कल करायचे. आणि मग मी हे दोन्ही नियम मोडले.

नाही, थांबा. आधी गंगाराम सांगायला हवा.

गंगाराम माझ्याहून थोडा मोठा. महाडच्या औद्योगिक वसाहतीत, रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला. आठवडाभर महाडला खोलीवर, सुट्टीला गावी. त्या गावात माझं जेवण त्याच्याच घरी असायचं. त्याची बायको सुगंधा तांदळाची भाकरी अशी करायची की चौथी घेताना मी लाजायचे आणि पाचवी घेताना लाजणं सोडून द्यायचे. गंगाराम म्हणजे गावातला नंबर एकचा वात्रट. तात्या म्हणून गावचे मुख्य मानकरी होते, देवळाचा सगळा कारभार त्यांच्या शब्दावर चालायचा. या तात्यांच्या म्हशीची शिंगं गंगारामने एकदा कारखान्यातल्या सोनेरी रंगाने रंगवली होती. तात्या भडकले, पण म्हैस मात्र आठवडाभर मोठ्या तोऱ्यात हिंडली म्हणतात.

पण शिमग्यात हाच गंगाराम वेगळा माणूस व्हायचा. सोमजाईची पालखी उचलायला प्रत्येक घराचा खांदा ठरलेला. उजव्या दांडीचा पुढचा खांदा गंगारामच्या घराचा — आज्याचा, मग बापाचा, मग त्याचा. आणि पालखी नाचवावी तर त्यानेच. ढोल चढत जायचा, पालखी वरखाली व्हायची, आणि हा डोळे मिटून असा नाचायचा की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. वर्षभर मी या एका आठवड्याची वाट बघतो, असं तो सांगायचा, आणि ते सांगताना त्याच्या तोंडावर वात्रटपणाचा मागमूस नसायचा.

तर त्या वर्षी शिमगा तोंडावर आला होता. सर पुण्याला मुलीकडे गेलेले. मुंबईचे चाकरमानी येऊन गाव गजबजलेलं. बैठकीचं तात्यांना विचारलं तर ते म्हणाले, "शिमगा होऊ दे गो पोरी, मंग बघू तुजी बैठक."

थांबायला काय झालं होतं मला? काहीही बिघडत नव्हतं. ओहोळ दिवसेंदिवस बारीक होतोय, हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. खरं कारण सांगू? सर परत येतील तेव्हा मला त्यांच्यापुढे उत्तर ठेवायचं होतं. बघा, मी एकटीने शोधलं! शाबासकी हवी होती हो, दुसरं काय.

सकाळी कुंडात पन्हळीखाली पुरचुंडी बांधली आणि दुपारी एकटीच वर गेले. ओहोळाशी उकिडवी बसले, बाटली उघडली, चिमूट काढली. त्या धोंड्यांच्या राशीपुढे ती चिमूट इतकी केविलवाणी वाटली! निम्मी तर चिखलातच अडकेल. कोळसा कोरा निघाला तर? आमच्या धंद्यातल्या नवशिक्यांना हीच भीती खाते, की रंग सापडणारच नाही. मी चिमूट टाकली. मग आणखी एक. मग आणखी एक. मग — बाटलीच उपडी केली. ओहोळ असा काही हिरवागार झाला की मी लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या. सगळा रंग धोंड्यांखाली जाईपर्यंत बघत बसले, एक लाडू खाल्ला आणि खाली आले.

त्यानंतर काही दिवस काहीच झालं नाही. होळी लागली. शिमग्याला राहाच म्हणून सुगंधाने मला ठेवून घेतलं होतं. धुळवडीच्या सकाळी मी तिच्या पडवीत चहा पीत बसले होते, आणि कुंडाकडून एक किंकाळी आली. मग दुसरी. आणि त्या पाठोपाठ हसण्याचा असा गलका उठला की मी कप तसाच टाकून धावले.

कुंड हिरवं झालं होतं. हिरवं म्हणजे कसं? भाताची रोपं नुकती वर आली की शेत दिसतं ना, तसं. ऊन पडेल तिथे तर पाणी आतून उजळल्यासारखं दिसत होतं. पन्हळीतून हिरवी धार पडत होती. बायका हंडे खाली ठेवून तोंडाला हात लावून उभ्या. एक म्हातारी पुढे झाली, तिने ओंजळीत पाणी घेऊन निरखलं आणि ओरडली, "आगो, सोमजाय रंग खेलली गो!" झालं. पुढचं काही विचारू नका. ढोल आले. पोरांनी धडाधड उड्या मारल्या. एक पांढरं कुत्रं गर्दीत पाण्यात पडलं आणि हिरवं होऊन बाहेर आलं, आणि एका चाकरमान्याने कॅमेऱ्यातला उरलासुरला रोल त्या कुत्र्यावर संपवला. तात्यांनी पालखी कुंडापर्यंत आणवली. पुढच्या खांद्याला गंगाराम, नखशिखांत हिरवा, हसतोय, रडतोय, नाचतोय. एवढं आनंदात असलेलं गाव मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

आणि मी? पहिली काही मिनिटं कुणी माझ्याकडे बघतंय का, तेच बघत होते. पण मग — हे लपवून काय करू — मला अतोनात आनंद झाला. उत्तर मिळालं होतं! ओहोळ कुंडातच येत होता! मी सुगंधाचे हात धरून फुगडी घातली. आणि त्या सगळ्या धिंगाण्यात पन्हळीखाली हात घालून पुरचुंडी सोडवली, ओढणीखाली धरली आणि हळूच पिशवीत टाकली. माझा हात मनगटापर्यंत हिरवा झाला होता. पण धुळवडीला हिरवा हात कुणाच्या डोळ्यात भरणार?

पाहिलंत? आनंदाने वेडी झालेली असतानाही पुरचुंडी लपवायची अक्कल मला होती. तेव्हाच सांगून टाकता आलं असतं. अहो, हा माझा उद्योग! तात्या ओरडले असते, सरांनी चांगलं फैलावर घेतलं असतं, आणि विषय संपला असता. पण देवी रंग खेळली म्हणून नाचणाऱ्या माणसांना ते कोणत्या तोंडाने सांगायचं? मी गप्प बसले आणि नाचत राहिले.

दुपारी जेवणं झाली आणि प्रश्न उभा राहिला, आता प्यायचं काय? मुंबईचा एक चाकरमानी म्हणाला, देवीबिवी काही नाही, हे केमिकल आहे. आमच्याकडे हा शब्द नुसता उच्चारला तरी माणसं दचकतात. कुणाच्या तरी डोक्यात आलं, रंगाच्या कारखान्यात कोण कामाला आहे? आणि सगळ्यांना एकदम तात्यांची सोनेरी शिंगांची म्हैस आठवली.

सहाणेवर, म्हणजे देवळासमोरच्या दगडी ओट्यावर, पालखी बसलेली होती आणि पुढे गाव बसलेलं. गंगाराम आधी हसला. त्याला वाटलं, आज आपली फिरकी घेतायत. मग त्याने तात्यांचं तोंड पाहिलं. "आयच्यान, मी नाय टाकला," तो म्हणाला. "सोमजायच्यान, नाय." पण तो जितक्या शपथा घेई तितकं लोकांना वाटे, हा नाटक करतोय. वात्रट माणसाचं हेच असतं, त्याच्या खऱ्यालाही लोक हसतात. कुणी विश्वास ठेवेना तेव्हा तो माझ्याकडे वळला, आणि त्याच्यापाठोपाठ सगळं गाव वळलं.

"ताय, तुमी शिकलेल्या. पान्यातलं तुमाला कळतं. सांगा ना ह्यांना, ह्यो कारखान्यातला रंग नाय."

मी उभी राहिले. ओढणी सारखी केली, हे मला चांगलं आठवतंय. आणि म्हणाले, "पाणी मी पाहिलंय. विषारी नाही, घाबरू नका. थोड्या दिवसांत आपोआप स्वच्छ होईल. पण हा रंग झऱ्याचा स्वतःचा नाही. कुणीतरी बाहेरून टाकलेला आहे."

यात एक अक्षर खोटं होतं का? नव्हतं. बाहेरूनच टाकलेला होता. कुणीतरीच टाकलेला होता. मी अशी बेताने शब्द निवडून बोलले की पुढे कधी कुणी पकडलं तरी मला म्हणता यावं, मी कुठे खोटं बोलले? त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर काय होतं ते सांगते — सरांचा चेहरा, सुटलेली नोकरी आणि बँकेच्या परीक्षेची पुस्तकं. गंगाराम नव्हता. तो तर चार हातांवर उभा होता आणि मला दिसत नव्हता.

मग तात्यांनी निर्णय दिला. देवीच्या पाण्याची चेष्टा करणाऱ्याचा खांदा देवीला चालायचा नाही. चूक तोंडाने मान्य करेपर्यंत गंगारामने पालखीला हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवसापासून पालखी घरोघर फिरू लागली. गंगारामच्या अंगणात आली तेव्हा सुगंधाने ओवाळलं. तो दाराच्या चौकटीशी उभा होता, हात पाठीमागे बांधून. ढोल वाजू लागला, आणि त्याचा उजवा खांदा — त्याच्या नकळत — तालावर खालीवर होऊ लागला. मला रडू फुटलं. चुलीचा धूर लागला, असं मी सुगंधाला सांगितलं.

सर पुण्याहून आले. उत्तर ऐकून खूश झाले. गावाला आधी सांगितलं होतंस ना, असं त्यांनी विचारलं आणि मी हो म्हणाले. एका होकाराचं काम होतं, झालं.

आणि आता पुढचं सांगताना मला पुन्हा आनंद होणार आहे. काय करू, तोही खराच आहे. गावाने उजव्या उतारावर चर खणले. भर उन्हाळ्यात बायका, पुरुष, चाकरमानी, सगळे. वर घामाच्या धारा आणि तोंडाने एकमेकांची टिंगल, दुपारी वालाचं बिरडं आणि भाकरी. सगळ्यात पुढे कोण, तर गंगाराम. प्रत्येक सुट्टीला कुदळ घेऊन हजर. एकदा मला म्हणाला, "ताय, ह्येच पानी कुंडात येतं, ह्ये येवढं खातरीनं कसं वो सांगता?" मी म्हणाले, मला दगड वाचता येतात. "मंग माजा हातबी वाचा," म्हणत त्याने मातीने भरलेला पंजा पुढे केला आणि सगळे खो खो हसले. मीही हसले. मी त्याच्याबरोबर नेहमीच हसले, हे काय कमी आहे!

पावसाळा गेला. पुढच्या शिमग्याला पन्हळीची धार करंगळीएवढी नव्हती, चांगली अंगठ्याहून जाड होती. गाव खुशीत आलं, आणि खुशीत आलेल्या गावाला वाटलं, गंगारामलाही आता परत घ्यावं. फक्त रीत पाळायला हवी. सहाणेसमोर नारळ ठेवायचा आणि चूक कबूल करायची. गंगाराम ऐकेना. केलंच नाही तर म्हणू कसं, हे त्याचं एकच पालुपद. मी पडवीत बसून ऐकत होते, भाकरी खात. शेवटी सुगंधा म्हणाली, "म्हणा ना वो. येक वाक्य तर हाय. तुमचा खांदा येल ना परत." त्याने हातातली भाकरी ताटात ठेवली. मग उठला आणि नारळ घेऊन गेला.

मी पुढेच बसले होते, पाहुण्यांच्या सतरंजीवर. त्याने नारळ ठेवला, हात जोडले. "रंग मीच टाकला. चुकलो. आय, पदरात घे." ऐकू येईल इतक्याच आवाजात. तात्यांनी त्याला उठवून छातीशी धरलं. ढोलावर थाप पडली, माणसं ओरडली, पालखी त्याच्या खांद्यावर आली, आणि तो असा नाचला, असा नाचला की म्हातारे उभे राहिले. मी टाळ्या वाजवल्या. अगदी मनापासून. तुम्हाला वाटेल, मला तेव्हा लाज वाटली असेल. नाही वाटली. सुटले, एवढंच वाटलं. माझी चूक त्याने देवीपुढे स्वतःच्या तोंडाने स्वतःची म्हणून घेतली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

त्या मे महिन्यात पन्हळ पहिल्यांदा आटली नाही. बायका कामं टाकून कुंडावर येत आणि नुसत्या धारेकडे बघत बसत. सुगंधाने पन्हळीला हळदकुंकू लावलं. सर एका परिषदेत या कामाबद्दल बोलले, माझं नाव घेतलं. मग इतर गावांची बोलावणी सुरू झाली. सर थकल्यावर ऑफिसही माझ्याकडे आलं. माझा संसार, माझं नाव, सगळं त्या कुंडावर उभं राहिलं म्हणा ना.

आणि गंगाराम? नवं शतक उजाडेपर्यंत ती गोष्ट त्याचीच होऊन गेली होती. गावात पाहुणा आला की कुणीतरी म्हणायचं, गंगाराम, रंगाचं सांग! आणि हा सांगायचा, कारखान्यातून जेवणाच्या डब्यात रंग कसा आणला, आधी चिमूटभर टाकला, मग धीर धरवेना म्हणून अख्खा डबा कसा उपडा केला. ते त्याने आपल्या मनानेच रचलेलं होतं. ऐकताना माझे कान गरम व्हायचे. माणसं हसून लोळायची. पोरं त्याला रंगवाला काका म्हणायची. मलाही वाटू लागलं होतं की आता तोही विसरलाय, मीही विसरेन.

मग एका शिमग्याला, धुळवडीच्याच सकाळी, तो मला कुंडावर घेऊन गेला. कारखाना सोडला होता त्याने, केस पिकले होते, पण खांदा तसाच होता. कुंडावर कुणी नव्हतं. त्याने मूठभर गुलाल काढला, पाण्यावर उधळला, नमस्कार केला.

"ताय, येक सांगू? कुनाला बोलू नका. त्यो रंग मी नाय टाकलेला."

"मग?" मी विचारलं. बघा माझी हिंमत.

"गावाला वाटतं, मी टाकला. त्यांच्या लेखी मिटलं. पन मला म्हाईत हाय ना, मी नाय टाकला. मंग कोन?" त्याने देवळाकडे बघून मान हलवली. "तीच खेलली वो त्या दिवशी. आख्ख्या गावात ह्ये येकट्या मला ठावं. खांदा गेला तवा लय रडलो मी. पन तिनं ह्ये मला येकट्याला दिलं. कुनाला सांगाया नाय येत, तरीबी दिलं."

त्याच्या तोंडावर इतका आनंद होता! मी आयुष्यात एवढा आनंदी माणूस पाहिलेला नाही. पाणी झुळझुळ पडत होतं. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणाले, "खरंय, गंगारामभाऊ."

तुम्ही म्हणाल, बरं केलंस, त्याचा आनंद कशाला मोडायचा? नका म्हणू. त्याच्या आनंदाचा मी विचारसुद्धा केला नव्हता. मी घाबरले होते, जशी सहाणेसमोर घाबरले होते तशीच, आणि आता तर माझी नोकरीही जाणार नव्हती. बाटली माझी होती. तो रंग गंगारामने टाकला नव्हता, देवीने खेळला नव्हता, मी ओतला होता. आणि त्या सकाळी त्याने उरलेला गुलाल बोटावर घेऊन "देवीचा परसाद" म्हणत माझ्यापुढे हात केला, तेव्हा मी हसून कपाळ पुढे केलं.